भीमेची तर, होडी आणि आपली दिंडी



आपल्या दिंडीच्या जुन्या खर्चाच्या वह्यांमध्ये पीठ, गूळ, रॉकेल, पखवाजाची पुडी, बैलांचा कडबा हे सगळं लिहिलेलं आहे. त्यातच दरसाल एक ओळ सापडते, "तरीस दिले". काही साली ती दोनदा आहे, जाताना एक आणि येताना एक. पैसे लिहिलेत, पण घेणाऱ्याचं नाव कुठंच नाही. विणेकऱ्यांची नावं आहेत, पंगत देणाऱ्यांची आहेत, मुक्कामाला ओसरी मोकळी करून देणाऱ्यांचीही आहेत. ज्यांनी आपली दिंडी पाण्यावरून पैलतीराला नेली त्यांचंच नाव नाही. म्हणून या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहायचं मी अंगावर घेतलं. मी शेतकरी माणूस, चौथी शिकलेला. कीर्तनाला उभा राहिलो की बोलणं सुचतं, लिहायला बसलो की लेखणी जड होते. तरी जे वाडवडिलांकडून ऐकलं आणि पोरपणी डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो. माऊलींनी गोड मानून घ्यावं.

आपली वाट नदी ओलांडून

आधी वाट समजून घेऊ, म्हणजे होडीचं महत्त्व कळेल. माउलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबारायांची देहूहून. तुकोबांच्या पालखीचा सोहळा त्यांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केला. हे दोन्ही सोहळे पुणं सोडल्यावर भीमा डाव्या हाताला ठेवून चालतात. पुढे त्यांना मोठी नदी लागते ती नीरा. माउलींच्या पादुकांना नीरा गावाजवळ स्नान होतं आणि तुकोबांच्या पादुकांना सराटीला. पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर वसलेलं आहे, म्हणून या दोन्ही सोहळ्यांना पंढरीत शिरताना भीमा ओलांडावी लागत नाही.

पण सगळ्या वारकऱ्यांचं तसं नाही. पैठणहून नाथांची पालखी येते, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची येते, खानदेशातून मुक्ताईची येते. मराठवाडा, नगर, खानदेश, वऱ्हाड इकडची माणसं येतात ती भीमेच्या डाव्या तीराला. त्यांना समोर कळस दिसतो आणि मध्ये पाणी असतं. आषाढात नदी भरलेली असली की पूल होण्याआधी या माणसांना होडीशिवाय विठ्ठल नव्हता.

आपलं गाव करमाळा तालुक्यात, म्हणजे डाव्या तीराचं. पलीकडे इंदापूर तालुका. आपल्या दिंडीच्या मूळ पुरुषांनी असा नेम घातला की जाताना तुकोबांच्या पालखीला इंदापुरात मिळायचं आणि पालखीबरोबर सराटी, अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी असं चालत पंढरीला जायचं. काला झाला की चंद्रभागा उतरून पलीकडे जायचं आणि डाव्या तीराने गावाकडं परतायचं. म्हणजे दिंडीला भीमा दोनदा लागायची. गावची वेस सोडली की पहिलीच गाठ नदीशी.

उतार, तर आणि उतारू

नदी ओलांडायच्या जागेला आपल्याकडे दोन नावं. पाणी कमी असताना पायी जाता येतं तो उतार. पाणी वाढल्यावर जिथं होडी लागते ती तर. उन्हाळ्यात भीमा आटायची, वाळवंटात कलिंगडाच्या वाड्या असायच्या, तेव्हा गुडघाभर पाण्यातून बैलगाड्या जायच्या. मृगाचा पाऊस वर मावळात पडला की आपल्याकडं आभाळ कोरडं असलं तरी नदीला गढूळ पाणी यायचं. भीमा भीमाशंकरला उगवते, तिकडचा पाऊस आपल्याला पाण्याच्या रंगावरून कळायचा. मग उतार बंद आणि तर सुरू.

आपण एस.टी.तल्या आणि रेल्वेतल्या माणसाला आजही उतारू म्हणतो. नदी उतरून जाणारा तो उतारू. गाडी आली, मोटार आली, पण शब्द नदीवरचाच राहिला. आणि 'नाव' हा शब्द तर कीर्तनकारांच्या फार कामाचा. देवाचं घ्यायचं तेही नाव आणि पाण्यावर तरंगते तीही नाव. संतांनी संसाराला सागर म्हटलं आणि नामाला नौका म्हटलं ते काही पोथीतून शोधून काढलं नसावं. वारीला निघालेल्या माणसाला दर वाटेवर नदी आडवी यायची. ऐकणाऱ्याने आदल्याच दिवशी होडीत जीव मुठीत धरलेला असायचा. त्याला दृष्टांत समजावून सांगायची गरजच नव्हती.

होडीच्या आधीची साधनं

होडी सगळीकडे नव्हती. गरीब माणूस जे हाताशी असेल त्यावर तरायचा. वाळलेले दुधी भोपळे कमरेला बांधून पोहणारे आपल्याकडं पुष्कळ होते. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, ते पोटाखाली घेऊन पोरं पोहायला शिकायची. भोपळे किंवा ओंडके एकमेकांना बांधून वर फळी टाकली की तिला सांगड म्हणायचे. खाली कोल्हापूर-सांगलीकडे कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी उसाचा मुलूख, तिथं गूळ करायची मोठी काहील महापुरात होडीसारखी वापरतात. आणखी खाली कर्नाटकात हंपीजवळ तुंगभद्रेवर बांबूच्या विणलेल्या गोल टोपलीची नाव असते, तिला पूर्वी बाहेरून कातडं लावायचे. तिला पुढचं-मागचं तोंडच नाही, ती गरगर फिरत जाते.

भीमेवरची होडी लाकडाची. माझ्या पोरपणी आमच्या तरीवर दोन होड्या होत्या, एक लहान आणि एक मोठी. फळ्या सागवानाच्या, आतून फासळ्या बाभळीच्या वाकड्या लाकडाच्या. तळ सपाट, कारण नदीत खडकही आहे आणि वाळूही आहे. खोल तळाची होडी वाळूत रुतते, सपाट तळाची घसरत काठाला येते. उन्हाळ्यात होडी काठावर पालथी घालायची. फटीतून जुना ताग, कापूस काढायचा, नवा ठोकायचा, वर राळ आणि तेल कढवून लावायचं. पुढे डांबर आलं. फळी उन्हाने तडकू नये म्हणून वर पाला टाकायचे. वारीच्या आधी पाण्यात घालून आठ दिवस भिजू द्यायची, म्हणजे लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप बसतात. हे सगळं काम कोळी लोक स्वतः करायचे, सुतार फक्त मोठ्या दुरुस्तीला.

दिंडी पैलतीराला जायची ती कशी

होडी सरळ समोर जात नाही, हे काठावर राहिलेल्यालाच माहीत. पाण्याला ओढ असते. म्हणून रिकामी होडी आधी काठाकाठाने दोराने ओढत वरच्या अंगाला न्यायची. तिथं माणसं भरायची. मग बांबूने रेटा देऊन तिरकी सोडायची. मध्ये बांबू पुरत नाही, तिथं वल्हं मारायचं. मागे एक जण मोठं वल्हं धरून तोंड सांभाळायचा. ओढ तिला खाली नेते, नावाडी पुढं नेतो, दोन्ही मिळून ती पलीकडच्या धक्क्याला बरोबर लागते. जो पाण्याशी भांडतो तो दमतो, असं आमच्या तरीवरचा म्हातारा नावाडी म्हणायचा.

दिंडी उतरायचा क्रम ठरलेला होता. पहिल्या खेपेला वीणा, तुळस आणि पताका. वीणेकरी होडीतही खाली बसत नसे, मध्यभागी उभा राही आणि दोन टाळकरी त्याला धरून असत. मग बाया-माणसं आणि म्हातारी. मग तरणी पोरं. शेवटी सामान. गाडी न्यायची तर चाकं काढायची, दोन होड्या शेजारी लावून वर लाकडं बांधायची आणि त्यावर गाडीचा साटा ठेवायचा. बैल होडीत घेत नसत. कासरा होडीतल्या माणसाच्या हातात आणि बैल मागून पोहत यायचे. पलीकडे लागल्यावर बैल अंग झाडायचे आणि सगळ्यांच्या अंगावर पाणी उडायचं, त्याला आमच्या आज्या बायका भीमेचा प्रसाद म्हणायच्या.

होडीत भजन चालायचं, पण नाचणं नाही, पावली नाही, फुगडी नाही. नावाड्याचा एक नियम होता आणि तो कोणाही महाराजापुढं मोडत नसे. होडीचा काठ पाण्याच्या वर एक वीत राहिला पाहिजे. माणूस चढला की तो बोटं पसरून काठाला लावून बघायचा. वीत भरली नाही की शेवटच्याला उतरवायचा, मग तो पाटील असो नाहीतर फडकरी असो. "देवाचं दर्शन उद्याबी होईल," एवढंच म्हणायचा. नाव पाण्यात असावी, पाणी नावेत नसावं, ही म्हण आपण परमार्थात सांगतो. त्याने ती हाताच्या वितीने पाळली.

त्याला पाणी वाचता यायचं, ते सांगतो. पूर चढत असला की मधलं पाणी फुगतं आणि काडी-कचरा, फेस काठाकडे येतो. पूर उतरू लागला की मध खोल होते आणि कचरा मधल्या धारेला जमतो. हे पाहूनच तो ठरवायचा की आज खेप करायची की दिंडीला तीरावर मुक्काम करायला लावायचा. असे मुक्काम आपल्या दिंडीला घडलेले आहेत. तेव्हा वाळूतच कीर्तन व्हायचं आणि तरीवरच्या कोळ्यांच्या घरच्या भाकरी यायच्या.

गावची माणसं रोज पैसे देत नसत. सुगीला खळ्यावर नावाड्याचा वाटा काढून ठेवायचे, ज्वारीच्या पेंढ्या नाहीतर पायली-दोन पायल्या दाणे. त्यावर वर्षभर बाजार, लग्न, बाळंतीण, मयत सगळं त्याच्या होडीतून जायचं. परक्या उतारूला मात्र पैसे पडायचे. इंग्रजांनी १८६८ साली मुंबई इलाख्यात तरीचा कायदा केला. सरकारी तरीचे लिलाव होऊ लागले आणि दराचे फलक लागले. लिलाव घेणारा ठेकेदार एक आणि होडी वल्हवणारा दुसरा, असंही पुष्कळ ठिकाणी होऊ लागलं. आपल्या वहीत "तरीस दिले" एवढंच का लिहिलंय, ते यावरून थोडं उमगतं. पैसा तरीच्या नावावर जायचा, माणसाच्या नाही.

चंद्रभागेचे कोळी

पंढरीत भीमा वळण घेते, चंद्रकोरीसारखी दिसते, म्हणून तिथं ती चंद्रभागा. वाळवंटात पुंडलिकाचं देऊळ आहे. ज्याच्यासाठी देव विटेवर उभा राहिला त्या पुंडलिकाचे पुजारी कोळी समाजाचे आहेत. हे फार वारकऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आपण पुंडलिक वरदा म्हणून हात वर करतो आणि त्याच पुंडलिकाची सेवा करणाऱ्या समाजाची माणसं शेजारी होडी घेऊन उभी असतात.

पूल होण्याआधी डाव्या तीराच्या सगळ्या दिंड्या या होड्यांतून उतरायच्या. एकादशीच्या तोंडावर पलीकडच्या वाळूत माणसांची रांग लागायची आणि दिवस उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत खेपा चालायच्या. पुढे दगडी पूल झाला. पण तो बसका. मोठं पाणी आलं की तो पाण्याखाली जातो, हे आजही दर दोन-चार वर्षांनी आपण बघतो. आता वर मोठे पूल झालेत, त्यामुळे वारी अडत नाही. होड्यांचं काम आता विष्णुपद आणि गोपाळपूरकडे नेण्या-आणण्याचं राहिलंय. मार्गशीर्षात देव विष्णुपदाला असतो, तेव्हा होडीतून जाणारे भाविक पुष्कळ. वाळवंटातल्या होडीवाल्यांच्या पोटाला आता तेवढाच आधार. पाणी फार कमी झालं की होडी चालत नाही, धरणातून जास्त सुटलं की होडी बांधून ठेवावी लागते. त्यांचं पंचांग आता धरणाच्या दरवाज्यावर आहे.

उजनीचं पाणी आलं

आता आपल्या गावची गोष्ट. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर धरण बांधायचं काम १९६९ साली सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. एकंदर साठा सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. या पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस आला, हे खरं. मीही ऊसच करतो, खोटं कशाला बोलू. पण त्या फुगवट्यात करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली काठची गावं गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ दुष्काळात पाणी खाली गेलं की वर दिसतं, तेव्हा लोक बघायला जातात. आपली जुनी वेस, मारुतीचा पार आणि तरीची जागा मात्र वर येत नाही. ती फार खोल आहे.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जायची, त्या जागी आता काही किलोमीटर पाणी आहे. सोयरीक पलीकडच्या गावातली, देवही तिकडचे, शेताचा तुकडा तिकडे, आणि जायला टेंभुर्णीकडून नाहीतर भिगवणच्या अंगाने डिकसळच्या पुलावरून लांबचा वळसा. दिंडीनेही वाट बदलली. आता आपण महामार्गाच्या पुलावरून भीमा ओलांडतो. खांद्यावर पताका, बाजूने ट्रक, खाली पाणी. दोन मिनिटांत नदी मागे पडते. पुष्कळांना कळतही नाही की भीमा उतरलो.

कोळ्यांचं काय झालं? तर गेली. वाहत्या पाण्याची विद्या साचलेल्या पाण्यात तशीच्या तशी लागू होत नाही. काही मासेमारीला लागले, काही भिगवणकडे रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवू लागले, काही ऊसतोडीला गेले. सुगीचा वाटा बंद झाला, कारण खळंच पाण्यात गेलं. धरणग्रस्तांच्या यादीत ज्याची जमीन गेली त्याला जमिनीचा मोबदला होता. ज्याची नदी गेली त्याच्यासाठी तसला रकाना नव्हता.

तरी होड्या थांबल्या नाहीत. या काठच्या माणसाला दवाखाना, कॉलेज, बाजार पलीकडे जवळ पडतो. म्हणून लाकडाच्या जागी पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या आल्या, त्यांना इंजिनं बसली, मोटारसायकलीही होडीत चढू लागल्या. नदीला ओढ होती, फुगवट्याला ओढ नाही, पण त्याला वारा आहे. एवढ्या रुंद पाण्यावर वळवाचा वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले, त्यात लहान लेकरंही होती. त्या दिवसांत आमच्या काठावर कोणाच्या घरी धड चूल पेटली नाही. आता शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झालाय. तो लवकर व्हावा ही पांडुरंगाजवळ मागणी. पण पूल एका जागी होतो आणि काठ लांबच लांब आहे. होडी यापुढंही लागणारच.

आता आपण काय करायचं

दिंडीच्या शंभर वर्षांचा विचार केला तर अर्ध्याहून जास्त वर्षं ती होडीतून गेली. एकाही वर्षी आपल्या दिंडीचं माणूस भीमेत गेलं नाही. ही पांडुरंगाची कृपा तर आहेच. पण कृपा कोणाच्या तरी हातून येते. ती एका वितीच्या नियमातून आली, पाण्याचा फेस बघून "आज नाही" म्हणणाऱ्याच्या धीरातून आली. रामरायालाही गंगा उतरायला नावाडी लागला, तिथं आपण कोण?

म्हणून दिंडीच्या मंडळापुढं तीन गोष्टी ठेवतो. पहिली, आपल्या जुन्या तरीवर ज्या घरांनी होडी वल्हवली त्या घरांच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नावं लिहून काढावीत आणि शताब्दीच्या काल्याला त्या घरांना मानाचा नारळ द्यावा. विचारायला जायचं तर या वर्षीच जावं, कारण सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याएवढी आहेत. दुसरी, चंद्रभागेत होडीत बसताना आपल्या दिंडीच्या माणसाने घासाघीस करू नये आणि नावाडी म्हणेल तेवढीच माणसं बसावीत. पुढची खेप येते. तिसरी, उजनीच्या पाण्यावर जाताना, मग लग्नाला असो का देवाला, तरंगायचं जाकीट अंगात घातल्याशिवाय आणि वारं बघितल्याशिवाय पाय टाकू नये. होडीत जाकीट नसेल तर होडीवाल्याला विचारावं. गावाने मिळून विचारलं तर तो ठेवील. पूर्वी कमरेला भोपळा बांधताना कोणाला लाज वाटत नव्हती, मग जाकीट घालायला कशाची लाज?

गाथा इंद्रायणीने तारली, असं आपण सांगतो आणि ते सांगताना डोळे भरतात. तशीच या भीमेने आणि तिच्या लेकरांनी आपली दिंडी तारली, हेही यापुढं सांगत जाऊ. वारीला निघताना पुलावर आलो की दोन पावलं थांबावं, पाण्याला हात जोडावेत आणि पोराला सांगावं की खाली कुठंतरी आपली तर आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. रामकृष्णहरी.